साठांतलं एक रिकामं

शुक्रवारी दुपारी पावणेतीनच्या सुमारास व्हर्लिन टोर्सनला आपल्या गॅरेजमधल्या तराजूच्या ताटलीत चिमूटभर बंदुकीची दारू दिसली.

तराजूच्या ताटलीत दारू असण्यात वावगं काही नाही. ताटली त्यासाठीच असते. पण भरायचं काम बुधवारीच संपलं होतं. शंभर पुंगळ्या, शंभर मापं दारू, शंभर शिशाच्या गोळ्या. सगळी मापं आपापल्या पुंगळीत गेली असती तर ताटली लख्ख दिसायला हवी होती. ती लख्ख नव्हती. म्हणजे शंभरातली एक पुंगळी उपाशी राहिली होती. आणि त्या उपाशी पुंगळीच्या तोंडावर गोळी बसवून, कडा आवळून, ती बाकीच्या नव्व्याण्णवांइतकीच गोंडस करून, व्हर्लिनने स्वतःच्या हाताने आपल्या बायकोच्या, आर्डिसच्या, पिशवीत ठेवली होती. आर्डिसची जिल्ह्याची नेमबाजी स्पर्धा शनिवारी, म्हणजे उद्यावर आली होती.

दारू नसलेलं काडतूस नुसतं फुसकं निघालं असतं तर गोष्ट हसण्यावारी नेता आली असती. पण पुंगळीच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी असते. ती एकटीच फुटते, आणि तेवढ्याशा धक्क्याने गोळी निघते नि नळीत अर्ध्या वाटेवर अडकून बसते. पुढची गोळी पूर्ण जोराने मागून येते. मग नळी फाटते. आणि नळीच्या अलीकडच्या टोकाला माणसाचा हात असतो.

हा हात आर्डिसचा होता, आणि मुळात या हातापायीच हे सगळं सुरू झालं होतं.

आर्डिसने एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात बटाट्याचा लगदा वाढला. पळीने. चारशे पोरं, रोज. त्यात तिचं उजवं मनगट गेलं. दुकानातली काडतुसं खेचरासारखी लाथ मारतात. स्पर्धेहून घरी आली की ती संध्याकाळभर हात गरम पाण्यात बुडवून बसायची. डॉक्टर म्हणाले, नेमबाजी सोडा. तिने डॉक्टर सोडला. तेव्हा व्हर्लिन पुढे झाला आणि म्हणाला, "मी तुला मऊ काडतुसं भरून देतो."

व्हर्लिन अठ्ठावीस वर्षं धान्याच्या कोठारांचा सुरक्षा-निरीक्षक होता. त्या सपाट मुलुखात, जिथे कोठारापेक्षा उंच काही नसतं आणि धान्याच्या धुळीला एक ठिणगी पुरते, तिथे हे पद म्हणजे लहानसहान गोष्ट नव्हे. त्याच्या हाताखालच्या एकाही कोठारात साधा पापड भाजेल एवढासुद्धा जाळ झाला नव्हता. असा माणूस चिमूटभर दारू मोजू शकणार नाही, असं कोण म्हणेल?

पोस्टातला कारकून म्हणाला. दारूचं पार्सल धोकादायक वर्गातलं, तेव्हा ज्याचं त्यानेच ओळखपत्र दाखवून न्यायचं. व्हर्लिनच्या ओळखपत्रावर पोस्टातल्या पेटीचा नंबर होता, पार्सलवर रस्त्याचं नाव. गावातल्या सगळ्यांचीच ओळखपत्रं तशी. कारकून म्हणाला, "पेटीत माणूस राहत नाही." व्हर्लिन म्हणाला, "अरे, तू माझ्या समोरच्या घरात राहतोस." कारकून म्हणाला, "ते मी घरी असताना." शेवटी व्हर्लिन टोर्सन हा व्हर्लिन टोर्सनच्याच घरी राहतो, असा जिल्हा कचेरीचा दाखला आणावा लागला. त्यात नऊ दिवस गेले.

मग पुंगळ्या घासायचं यंत्र. त्यात अक्रोडाच्या टरफलांचा भुगा घालून पितळी पुंगळ्या खदखदवायच्या, की त्या सोन्यासारख्या होतात. हे यंत्र असं काही घुमायचं की शेजारच्या डेलबर्टला वाटलं, आपल्या विहिरीचा पंप बिघडला. त्याने धडधाकट पंप खोलला, आणि पुन्हा जोडल्यावर तो खरोखरच चालेना. पुंगळ्या आर्डिसच्या शेवया गाळायच्या चाळणीतून चाळल्या गेल्या. धुऊन भट्टीत वाळत ठेवल्या गेल्या. आणि आर्डिसने हॉटडिश, म्हणजे बटाट्याचा भाजून करायचा पदार्थ, करायला भट्टी तापवली तेव्हा त्या आतच होत्या. ते हॉटडिश चर्चच्या जेवणाला गेलं. कुणी तक्रार केली नाही. त्या गावात चांगल्या जेवणाला आणि वाईट जेवणाला एकच शब्द आहे: "वेगळं आहे." त्या दिवशी तो सतरा वेळा उच्चारला गेला.

इथपर्यंत सगळं सहन करण्याजोगं होतं. बुधवार आला आणि बुधवारबरोबर डेलबर्ट.

नियम साधा आहे. लाकडी ठोकळ्याला पन्नास भोकं असतात, त्यात पन्नास पुंगळ्या उभ्या करायच्या, सगळ्यांत दारू घालायची, आणि गोळ्या बसवायच्या आधी बॅटरी घेऊन प्रत्येकीत डोकावायचं. व्हर्लिनने हा नियम लाल अक्षरांत लिहून समोरच्या भिंतीला लावला होता. डेलबर्ट त्या भिंतीला टेकून उभा राहिला, त्यामुळे नियम झाकला गेला.

"व्हर्लिन, काढलं एकदाचं पित्ताशय," तो म्हणाला. "खडे देतच नव्हते मला. मी म्हटलं, माझ्या पोटात वाढलेत, माझेच आहेत."

त्याने खिशातून जॅमची बाटली काढली. तीन खडे होते. एक पावट्याएवढा.

"उजेडात बघ की. हिरवट झाक आहे. दे ती बॅटरी."

आणि ज्या बॅटरीने पन्नास पुंगळ्यांत डोकावायचं, तिने दोघांनी पंचवीस मिनिटं डेलबर्टचे खडे पाहिले. डेलबर्ट गेल्यावर व्हर्लिनने दीर्घ श्वास घेतला, ठोकळा पुढे ओढला आणि गोळ्या बसवायला सुरुवात केली. अठ्ठावीस वर्षं निष्कलंक नोकरी, आणि तेवढी एक दुपार.

शुक्रवारी ताटलीकडे बघताना त्याने आधी स्वतःची समजूत घातली. एखादं माप जास्तीचंच मोजलं असेल. पण स्वतःच्या समजुतीवर विश्वास ठेवायची त्याला सवय नव्हती. कामावर असताना कुणी "असेल" म्हटलं की तो अख्खं कोठार बंद करायचा.

तो हळूच गाडीशी गेला, पिशवीतून काडतुसांचे डबे काढून गॅरेजमध्ये आणले आणि एकेक काडतूस कानाशी धरून हलवलं. आत दारू असेल तर बारीक सळसळ ऐकू येते म्हणतात. अठ्ठावीस वर्षं धान्य वाहणाऱ्या पट्ट्यांच्या खडखडाटात काढलेल्या कानांना ती येत नाही. मग तो एकेक तोलू लागला. रिकामं आहे ते हलकं भरणार, हे तर कुणालाही कळेल. पण त्याने पुंगळ्या नेमबाजीच्या मैदानावरून वेचून आणल्या होत्या, सहा वेगवेगळ्या कारखान्यांच्या. आणि त्यांच्या पितळात आपापसातच जो फरक होता, तो दारूच्या चिमटीहून मोठा निघाला. तेवीस काडतुसं हलकी भरली. तेवीसही संशयित, आणि जड पितळाची पुंगळी रिकामीही जड भरते, म्हणजे उरलेलीही.

"पाण्यात टाक," मागून आवाज आला. डेलबर्ट. त्याला कुठलं दार उघडं आहे याचा वास येतो. "रिकामं असेल ते तरंगेल."

"शिसं आहे ते, डेलबर्ट."

"अंडं तरंगतं की."

"नासकं."

"मग हेही नासकंच आहे ना?" डेलबर्टने एक काडतूस उचलून डोळ्यांसमोर धरलं. मग खाली ठेवून म्हणाला, "नाहीतर सरळ आर्डिसला सांग."

सव्वीस वर्षांच्या शेजारात डेलबर्टने दिलेला हा पहिला धड सल्ला. त्यामुळेच तो व्हर्लिनच्या ध्यानात आला नाही.

"तिला काय सांगू? मी? सुरक्षा-निरीक्षक?"

"माजी," डेलबर्ट म्हणाला.

दुकानात फोन केला. हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर. मऊ काडतुसं दोन आठवड्यांनी येतील. आता एकच मार्ग उरला: एकेक काडतूस उघडून बघायचं. त्यासाठी एक पोकळ डोक्याचा हातोडा मिळतो. काडतूस त्यात अडकवून जमिनीवर चार-पाच वेळा आपटलं की गोळी आणि दारू सुटी होते. व्हर्लिनने आपटायला सुरुवात केली.

"काय ठोकतोयस रे?" आर्डिस स्वयंपाकघरातून.

"खिळा!"

"कशाला?"

"फोटोला!"

"कुणाच्या?"

इथे माणसाने विचार करून बोलावं. व्हर्लिन बोलून गेला, "तुझ्या आईच्या."

आतला नळ बंद झाला. मग आर्डिस म्हणाली, "किती वर्षं मागे लागले होते मी." तिचा आवाज इतका हळवा झाला होता की व्हर्लिनला हातोडा खाली ठेवून खरोखरच सासूबाई टांगाव्या लागल्या. जेवणाच्या टेबलासमोर, नेमक्या त्याच्या खुर्चीकडे तोंड करून. त्यात पाऊण तास गेला.

चाळीस उघडून झाली. चाळीसही भरलेली. एकेचाळिसावं हातोड्यात बसवणार, एवढ्यात आर्डिस गॅरेजमध्ये आली, अंगात कोट चढवलेला.

"इथे का काढलीस काडतुसं?"

"पुसत होतो."

"बाकीची?"

"साठच लागतात. जास्तीचं ओझं कशाला."

आर्डिसने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं, मग साठ काडतुसं उचलली, गाडीच्या पेटीत कुलूपबंद केली आणि किल्ली गळ्यात अडकवली. ती किल्ली रात्रभर आर्डिसच्या गळ्यात होती आणि व्हर्लिन टक्क जागा होता. एकदा त्याने तोंड उघडलं. "आर्डिस," तो म्हणाला. "हं?" "काही नाही." साठांतलं एक. तेही असेल तर.

शनिवारी मैदानावर चोवीस बायका रांगेत उभ्या होत्या आणि बर्डेट क्वाम गळ्यात शिट्टी अडकवून फिरत होती. बर्डेट चौऱ्याहत्तर वर्षांची, जिल्हा कचेरीतून निवृत्त. मैदान तिच्या हुकमावर चालायचं, आणि तिचा हुकूम नियमावर.

"व्हर्लिन, तुझं सभासदाचं कार्ड तीस सप्टेंबरला संपलं."

"मला फक्त मागे बसायचंय गं."

"मग पाहुणा म्हणून बस. सही कर, आणि आत जाऊन सुरक्षेची फिल्म बघून ये."

"बर्डेट, ती फिल्म मीच केलीये!"

"मग आवडेल तुला. चौदा मिनिटं."

तर छोट्या खोलीत घडीच्या खुर्चीवर बसून व्हर्लिन टोर्सन भिंतीवरच्या व्हर्लिन टोर्सनकडे बघू लागला. भिंतीवरच्याला केस होते. तो बोट उगारून सांगत होता: "शंका आली तर लगेच सांगा. लाजू नका. लाजेने आजवर कुणाचा हात वाचलेला नाही." बाहेर गोळीबार सुरू झाला. प्रत्येक आवाजाला खुर्चीवरचा दचकत होता आणि भिंतीवरचा हसत होता. चोवीस जणींच्या आवाजांत आर्डिसचा कुठला, हे देवालाही कळलं नसतं.

तो धावतच बाहेर आला तेव्हा पहिल्या वीस गोळ्या संपल्या होत्या. आर्डिसला दोन्ही हात होते. बोटं त्याने दुरून मोजली. दहा.

पहिली फेरी सावकाश असते, त्याने स्वतःला समजावलं. फुसका आवाज आला असता तर ती थांबली असती. दुसरी फेरी पाच-पाच गोळ्यांची, दर पाचांना वीस सेकंद. व्हर्लिन पहिल्या बाकावर बसला आणि मोजू लागला. एक. दोन. तीन. रिव्हॉल्व्हर मोठं आज्ञाधारक हत्यार आहे; फुसकं काडतूस आलं तरी चाप ओढला की पुढचं आपोआप समोर येतं, तक्रार करत नाही. सोळा. सतरा. चार सेकंदांचं अंतर, त्याने हिशेब केला. फुसका आवाज ऐकून मी ओरडेन, ती थांबेल. अठरा. एकोणीस. वीस.

चाळीस झाल्या. एकही फुसकं नाही. आर्डिस चार गुणांनी पुढे होती. तिने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं आणि उजवं मनगट गोल फिरवून दाखवलं: दुखत नाहीये. इतकी खूश ती निवृत्त झाल्या दिवशीही नव्हती.

उरल्या वीस. शेवटची फेरी. पाच गोळ्या, दहा सेकंद.

दहा सेकंदांत पाच म्हणजे दोन सेकंदांना एक. फुसका आवाज ऐकायला एक सेकंद. तो फुसकाच होता हे कळायला अर्धा. तोंड उघडायला अर्धा. व्हर्लिनने दोनदा गणित केलं आणि दोन्ही वेळा आर्डिसचा हात गेला.

"पाच भरा," बर्डेट म्हणाली.

आर्डिसने पाच भरली.

"उजवीकडे तयार?" बर्डेटने मान फिरवली. "डावीकडे तयार?"

व्हर्लिनला भोवताली सगळं गाव दिसत होतं: ज्यांची कोठारं त्याने बंद केली होती ते, ज्यांच्या मुलांना त्याने शिस्त लावली होती ते. अजूनही "असेल" म्हणायला वाव होता. विसांतलं एक. तेही असेल तर.

"गोळीबार बंद!"

त्या मैदानावर हे शब्द कुणीही उच्चारू शकतो, पोरसुद्धा; आणि ते उच्चारले की चोवीस हत्यारं तिथल्या तिथे खाली ठेवावी लागतात. ती ठेवली गेली. मग उच्चारणाऱ्याने कारण सांगायचं असतं. एकेचाळीस वर्षांच्या संसारात व्हर्लिनने आवाज चढवलेला आर्डिसने ऐकला नव्हता. ती वळली.

"कारण?" बर्डेटने विचारलं.

"तिच्या काडतुसांत एक रिकामं आहे. बहुतेक. मी भरलेलं."

कुणीतरी खोकलं.

बर्डेटने तक्त्याला लावलेला फॉर्म आणला. मैदानाचा नियम असा की फॉर्म भरून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचल्याशिवाय गोळीबार पुन्हा सुरू होत नाही. व्हर्लिनने भरला. बर्डेट वाचू लागली: "घटनेचं कारण: शेजाऱ्याचं पित्ताशय." ती थांबली. चष्मा खाली घेतला. "हे सभासद आहे का आपल्याकडे?"

"डेलबर्ट आला होता, आणि बॅटरी..."

"पुंगळ्या कुणी भरल्या?"

"मी."

"पित्ताशयाने नाही?"

"नाही."

त्याने खोडलं आणि लिहिलं, "दुर्लक्ष." तेवढ्यावर बर्डेटने भागवून घेतलं.

उरलेली वीस मागच्या टेबलावर नेली आणि हातोड्याने एकेक उघडली. आधी आर्डिसच्या रिव्हॉल्व्हरमधली पाच. पहिलं भरलेलं. दुसरं भरलेलं. तिसरं भरलेलं. लोकांत कुजबूज सुरू झाली; म्हातारा चळलाय, असं कुणीतरी पुरेसं मोठ्याने म्हणालं. चौथं आपटलं. गोळी निघून टेबलावर घरंगळली, आणि तिच्यामागून काहीच आलं नाही. बर्डेटने पुंगळी उलटी करून झटकली. काहीच नाही.

पाचवं आर्डिसने स्वतः हातोड्यात बसवलं आणि आपटलं. भरलेलं होतं. पुढची पंधराही तिनेच उघडली, सगळी भरलेली.

एकीने दुकानातली काडतुसं देऊ केली. आर्डिस म्हणाली, "नको. मला मनगट हवंय." तिची शेवटची फेरी झालीच नाही. चोविसांत तिचा नंबर तेविसावा आला. चोविसावी अंगात ताप घेऊन उभी होती.

गाडी आर्डिस चालवत होती. अकरा मैल ती समोर बघत होती आणि व्हर्लिनही समोरच बघत होता, कारण त्या मुलुखात दुसरीकडे बघण्यासारखं काही नाही. घर दोन मैलांवर राहिलं तेव्हा तिने गाडी कडेला घेतली.

"उतर."

"इथे?"

"चालत ये. दुपारचं जेवण दीडला आहे."

आता त्या सपाट मुलुखात रस्त्याने चालणारा माणूस म्हणजे एकतर वेडा किंवा गाडी बंद पडलेला. आणि दोन्ही परिस्थितींत प्रत्येक गाडी थांबते. न थांबणं म्हणजे शेजारधर्म बुडवणं. पहिली गाडी चर्चच्या ऑर्गनवाल्या बाईची. "व्हर्लिन, काय झालं?" व्हर्लिनने सांगितलं, दोष तराजूचा निघाला. "गाडीत बस," ती म्हणाली, पण आर्डिसने चालत यायला सांगितलंय म्हटल्यावर तिने काच वर घेतली. दुसऱ्याला सांगताना दोष अक्रोडाच्या भुग्याचा निघाला. तिसऱ्याला, चौथ्याला आणि पाचव्याला त्याने डेलबर्टचं पित्ताशय सविस्तर सांगितलं, खड्यांसकट. सहावा ज्याचं कोठार त्याने एकदा तीन दिवस बंद ठेवलं होतं तो निघाला. त्याने इंजिन बंद करून, कोपर खिडकीवर टेकून, सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं: "मग तू बघितलं का नाहीस?" सातव्याला आणि आठव्याला पित्ताशय नुसतं ओझरतं आलं.

नववी गाडी समोरून आली. डेलबर्टची.

"काय रे, चालत?"

व्हर्लिनचे पाय भरून आले होते. ऑक्टोबरचा वारा कानांत शिरत होता. "मी पुंगळ्यांत डोकावलो नाही," तो म्हणाला. "नियम मीच लिहिलेला, मीच पाळला नाही. शुक्रवारी कळलं, तरी लाज वाटली म्हणून तिला सांगितलं नाही. तिचा हात गेला असता. झालं."

डेलबर्टने काच आणखी खाली घेतली. "आणखी काही?"

"आणखी काय?"

"नाही, विचारतोय. आणखी कुणाचं नाव वगैरे?"

"नाही."

डेलबर्टने वाकून पलीकडचं दार उघडलं. "बस. आर्डिस म्हणाली, त्याने तुझं नाव घेतलं तर चालू दे. नाही घेतलं तर गाडीत घे."

व्हर्लिन बसला. गाडी वळली.

"रागावलीये?"

"तुझं ताट झाकून ठेवलंय," डेलबर्ट म्हणाला. "पण लगेच मिळणार नाही. सगळ्या रस्त्याला सांगून झालं असेल, म्हणाली. आता जेवणाआधी त्याने मला सांगावं."